स्मरणार्थ ठेव आणि जून महिना

खान्देशातल्या जुन्या हायस्कुलाच्या ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जाड बांधणीचे एक रजिस्टर हमखास सापडते. वर शाईने ‘बक्षीस ठेवी’ असे लिहिलेले असते. आत उभे रकाने आखलेले: देणगीदाराचे नाव, कोणाच्या स्मरणार्थ, रक्कम, पावतीचा नंबर, बक्षिसाची अट. रकमेच्या रकान्यात ५०१, १,००१, २,००१, क्वचित ५,००१. वरचा एक रुपया शकुनाचा. अटीच्या रकान्यात कुठे ‘दहावीत गणितात प्रथम’, कुठे ‘सातवीत मुलींत पहिली’, कुठे ‘संस्कृतात सर्वाधिक गुण’, तर कुठे ‘शाळेच्या शिपायांच्या मुलांपैकी जो पुढे शिकेल त्यास’. निवृत्त मास्तरांनी पत्नीच्या नावाने ठेवलेली रक्कम असते, मुलांनी आईच्या नावाने ठेवलेली असते आणि अकाली गेलेल्या लेकाच्या नावाने बापाने ठेवलेलीही असते. पाने उलटत गेलो की गावाचा एक वेगळाच इतिहास समोर येतो. इथे कोण गेले आणि मागे राहिलेल्यांनी त्यांची आठवण कशात गुंतवली, त्याचा हा इतिहास.

श्रीमंत माणूस कॉलेजला नाव देतो. तलाठी, नर्स, किराणा दुकानदार, शाळामास्तर ठेव ठेवतात. मुद्दल बँकेत राहते, व्याज निघते आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते पाकिटात घालून एका मुलाच्या हाती दिले जाते. जळगाव-धुळ्यात शिष्यवृत्ती म्हणून जे काही लोकांच्या पैशातून उभे राहिले, त्याचा पाया ही साधी ठेव आहे. ती आज कोणत्या अवस्थेत आहे आणि तिला पुन्हा कामाला कसे लावता येईल, हे या प्रकरणात पाहू.

खान्देशात दानाचा पैसा आला तो कापसातून. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड-खान्देशच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वेचा रूळ या भागातून पुढे गेला. जळगावात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि मुंबईच्या मूळजी जेठा पेढीने खान्देश मिल चालवली. पुढे १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्वेकडचे ठाणे जळगावला गेले, पश्चिमेकडचे धुळ्याला राहिले. दोन्हीकडे व्यापारी होते, वकील होते, शाळाही होत्या. कॉलेज मात्र नव्हते. बी.ए. करायचे तर पोराने पुणे-मुंबई गाठायची, फार तर नाशिक. १९४४ मध्ये खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४५ मध्ये जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी अमळनेरला प्रताप कॉलेज निघाले. एकाच साली दोन कॉलेजे, दोन्हींना गिरणीशी जोडलेली नावे. शेतकऱ्याने पिकवलेल्या कापसाचा थोडा तरी पैसा अशा रीतीने त्याच्या नातवाच्या वर्गखोलीपर्यंत परत आला.

जळगावचे लोक ‘एम.जे.ला आहे’ म्हणतात, ‘व. वा.त बसलो होतो’ म्हणतात. १८७७ पासून चालू असलेल्या त्या वाचनालयाला वल्लभदास वालजी यांचे नाव आहे, हे तिथे रोज पेपर वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? भुसावळला नाहाटा कॉलेजचे तेच. माणूस आद्याक्षरांपुरता उरतो आणि संस्था चालू राहते. मला यात वाईट काही वाटत नाही. देणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते?

अमळनेरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. शिष्यवृत्ती या कल्पनेचा इतका धाडसी प्रयोग महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या तालुक्याच्या गावी झाला असेल असे मला वाटत नाही. १९१६ मध्ये गिरणीमालक प्रताप शेठ आणि वल्लभदास शेठ यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. आजूबाजूला कापसाची शेते, गावात गिरणीचा भोंगा, आणि या संस्थेत फेलो म्हणून येणाऱ्याने करायचे काय, तर वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास. राहण्याची सोय संस्थेची, दरमहा वेतन संस्थेचे. पोटाची चिंता संस्थेकडे सोपवायची आणि विचार करायचा. जी. आर. मलकानी यांनी आयुष्य इथे घालवले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात काही काळ इथे संचालक होते. रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखी पुढे भारतीय तत्त्वज्ञानात मोठी ठरलेली माणसे इथे राहून गेली. इथून निघणारे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक विद्यापीठांमधून वाचले जाई.

या मंदिरात आलेल्या फेलोंपैकी एक होते पांडुरंग सदाशिव साने. कोकणातल्या पालगडचा हा मुलगा शिकण्यासाठी औंध संस्थानात गेला, मग पुण्यात आला, हाताने स्वयंपाक करून आणि कधी उपाशी राहून शिकला. एम.ए. झाल्यावर ते अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिराची फेलोशिप मिळाली म्हणून. अमळनेरशी त्यांचे नाते जुळले ते त्या एका शिष्यवृत्तीमुळे. १९२४ मध्ये ते खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे राहत. साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसत, आपल्या पगारातून कुणाची फी भरत. मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक ते स्वतः हाताने लिहून काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेतली याच हाताने. प्रताप शेठांनी तत्त्वज्ञानासाठी दिलेल्या पैशातून महाराष्ट्राला साने गुरुजी मास्तर म्हणून मिळाले, हा त्या फेलोशिपचा सगळ्यात मोठा लाभ. देणाऱ्याने तो मनात धरलाही नसेल. चांगल्या शिष्यवृत्तीचे असेच असते. तिचे फळ अर्जाच्या नमुन्यात लिहिता येत नाही.

त्याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी वयाच्या एकविसाव्या वर्षी ती सांभाळू लागले. गावातल्या अनेक कुटुंबांनी जुन्या काळी घेतलेले शेअर जपून ठेवले आणि त्यांचे पुढे सोने झाले, हे अमळनेरला कोणीही सांगेल. प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा फार मोठा वाटा अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या नावे केला. या फाउंडेशनने अलीकडे निवडक राज्यांत मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आहे. सरकारी शाळेतून दहावी-बारावी झालेली मुलगी पदवी किंवा पदविकेला गेली की वर्षाला ३०,००० रुपये थेट तिच्या खात्यात जमा होतात. पहिला नंबर यावा अशी अट नाही. शिकत राहणे ही अट. या एका फरकाकडे मी वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण आपल्या गावातल्या ठेवींच्या अटी याच्या बरोबर उलट आहेत.

धुळ्याने स्मारकाचा आणखी एक मार्ग दाखवला. शंकर श्रीकृष्ण देव या रामदासी अभ्यासकाने १८९३ मध्ये तिथे सत्कार्योत्तेजक सभा सुरू केली. कामाचा हेतू सभेच्या नावातच होता. समर्थ संप्रदायाची बाडे गावोगाव फिरून गोळा झाली आणि ती जपणारे समर्थ वाग्देवता मंदिर त्याच कामातून उभे राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. मागे पैसा काही नव्हता. होती ती कागदपत्रांची दप्तरे. धुळेकरांनी महिनाही जाऊ दिला नाही. १९२७ च्या जानेवारीत भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. पुतळ्यापेक्षा दप्तरखाना उभारणे त्यांना महत्त्वाचे वाटले. त्या दप्तरांवर पुढे पिढ्यान् पिढ्या अभ्यासक काम करत आले आणि मंडळाने राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत छापले. गेलेल्या माणसाचे काम पुढे चालू ठेवणे, एवढे स्मारक पुरते.

शिष्यवृत्ती किती असावी याचे उत्तरही या भागाच्या आठवणीत आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरावर लांडोर बंगला आहे. १९३७ मध्ये एका खटल्याच्या कामाने धुळ्यास आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले होते, आणि दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. याच बाबासाहेबांना १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात पाठवले ते महिना साडेअकरा पौंड देऊन, तीन वर्षांसाठी. काटकसरीने राहून, त्यातले पैसे घरीही पाठवून बाबासाहेबांनी तिथे शिक्षण घेतले. ती रक्कम चैनीची नव्हती. पण त्यावर जगता येत होते, आणि ती मुदतभर मिळणार याची खात्री होती. शिष्यवृत्तीचे हे दोन गुण. ती पुरली पाहिजे आणि टिकली पाहिजे.

आता परत त्या रजिस्टरकडे येऊ आणि हिशेब मांडू.

समजा १९८० मध्ये कुणी १,००० रुपयांची ठेव ठेवली. त्या वेळी मुदत ठेवीवर १० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, म्हणजे वर्षाला १०० रुपये. त्या १०० रुपयांत मुलाची वर्षभराची वह्या-पुस्तके येत. आज व्याजदर साडेसहा-सात टक्के. त्याच ठेवीवर ७० रुपये मिळतात आणि त्यात एक बऱ्यापैकी गाईडही येत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तरी १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. ४५ वर्षांत त्या तेरा-चौदा पट होतात. मुद्दल मात्र जिथल्या तिथे. मुद्दलाला हात लावायचा नाही, या जुन्या सचोटीमुळेच ठेवीचा जीव हळूहळू गेला. झाडाला पाणी घालायचे विसरून फक्त राखण करत बसावे, तसे झाले.

जगभर अशा निधींचे हेच झाले आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक दुखणे आहे, ते म्हणजे तुकडे. एका शाळेत १२० ठेवी आहेत आणि सरासरी रक्कम २,००० आहे असे धरा. एकूण २,४०,००० रुपये झाले. सात टक्क्यांनी १६,८०० रुपये व्याज. १२० पाकिटांत वाटले तर प्रत्येकी १४० रुपये. एवढ्यासाठी १२० नावे वाचायची, १२० मुले मंचावर बोलवायची, आणि शेवटी कुणाचीच फी भरली जात नाही. हेच १६,८०० रुपये एकत्र ठेवले तर दोन मुलींच्या वर्षभराच्या एसटी पासचा, पुस्तकांचा आणि परीक्षा फीचा प्रश्न सुटतो. देणगीदारांची १२० नावे अहवालात आणि फलकावर तशीच राहू शकतात. नाव स्वतंत्र, पैसा एकत्र.

अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात १९१४ मध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरने नेमके हेच केले. मृत्युपत्रे लिहून ठेवलेल्या माणसांचा पैसा जुन्या अटींत अडकून पडतो, हे तो बँकेत बसून रोज पाहत होता. त्याने गावातले अनेक छोटे-मोठे निधी एका छत्राखाली आणले आणि काळाप्रमाणे गरज ठरवण्याचे काम गावातल्याच माणसांच्या समितीकडे दिले. आज जगभर अशा हजारो सामुदायिक संस्था आहेत. त्या काळी अडकलेल्या पैशाचे ठळक उदाहरण म्हणून सेंट लुईस शहरातल्या ब्रायन मुलनफीचे नाव घेतले जाई. १८५१ मध्ये वारलेल्या या गृहस्थाने पश्चिमेकडे वसायला निघालेल्या गरीब वाटसरूंसाठी मोठी मिळकत ठेवली होती. रेल्वे आली, गाड्या-घोड्यांचे तांडे थांबले, आणि पैसा पडून राहिला.

आपल्या रजिस्टरातही असे वाटसरू आहेत. ‘अकरावी मॅट्रिकला बीजगणितात प्रथम’ ही अट घ्या. १९७५ च्या सुमारास जुनी अकरावी गेली आणि दहावीची परीक्षा आली. ‘बोर्डाच्या गुणवत्ता यादीत येणाऱ्या विद्यार्थ्यास’ ही दुसरी अट. बोर्डाने ती यादीच बंद केली. शाळेतून संस्कृत गेले, तरी संस्कृतच्या बक्षिसाचे व्याज साचतेच आहे. कायद्याने यावर उपाय ठेवला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले तर त्याच्या जवळात जवळ जाणाऱ्या कामासाठी पैसा वळवण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. पण छोट्या शाळेला कोर्टाची पायरी नको वाटते. म्हणून सोपा मार्ग हा, की ठेव देतानाच पत्रात एक ओळ लिहावी: ‘ही अट लागू करता न आल्यास शाळेने गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी व्याज वापरावे.’ या एका ओळीने पुढच्या पन्नास वर्षांचा घोळ वाचतो.

पैसा कुठे ठेवायचा, हा प्रश्न खान्देशात फार दुखरा आहे. इथे सहकाराचे जाळे दाट. गावोगावी पतसंस्था निघाल्या, त्यांनी बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज देऊ केले, आणि निवृत्तांची पुंजी, लेकींच्या लग्नाचा पैसा, शाळा-मंडळांच्या ठेवी तिकडे वळल्या. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदार वर्षानुवर्षे पावत्या घेऊन खेटे घालत राहिले. स्मरणार्थ ठेवीच्या बाबतीत हा धोका मुळीच पत्करू नये. सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे गुंतवावा याचे नियम कायद्यात आहेत. शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे यांना त्यात प्रथम स्थान आहे. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या एका बँकेतल्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. एक टक्का जादा व्याजासाठी कुणाच्या आईची आठवण पणाला लावायचा अधिकार संचालक मंडळाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण कागदाची. न्यासाचा एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. छोट्या प्रतिष्ठानांत हे राहून जाते. अध्यक्ष गेले, सचिव मुलाकडे पुण्याला गेले, सह्यांचे अधिकार कुणाकडे याचा वाद झाला, आणि बँकेने खाते थांबवले. मुद्दल सुरक्षित, व्याज साचलेले, पण एक रुपया काढता येत नाही. वडिलांच्या नावाने नवे प्रतिष्ठान काढायला निघालेल्या मुलांना म्हणून मी सांगतो: वेगळा न्यास काढू नका. नोंदणी, दरवर्षीचे ऑडिट, रिटर्न, बैठकांची इतिवृत्ते हे सगळे कोण करणार? चांगल्या चालणाऱ्या संस्थेत वडिलांच्या नावाचा निधी द्या आणि तो मुद्दल म्हणून ठेवावा असे लेखी कळवा. संस्थेला ८०जीची मान्यता आहे का तेही विचारा. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला तिचा लाभ मिळतो, नव्या कररचनेत मिळत नाही.

आता जून महिना. गरज कधी लागते हे ज्याला कळले नाही त्याची शिष्यवृत्ती वाया जाते. म्हणून शेतीचे वेळापत्रक पाहा. कापसाची वेचणी दसऱ्याच्या पुढे-मागे सुरू होते आणि घरात पैसा येतो दिवाळीच्या आसपास. मे-जूनमध्ये तोच पैसा बी-बियाणे, खत आणि नांगरटीत गेलेला असतो. रावेर-यावलकडे केळी आहे, पण मे-जूनच्या वादळात उभ्या बागा आडव्या झालेल्या आपण दरसाल पाहतो. सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बदलते. त्याच्या हातातली उचल पावसाळ्याच्या तोंडी संपलेली असते. आणि कॉलेजचे प्रवेश असतात जून ते ऑगस्टमध्ये. ज्या दिवसांत घरात पैसा सर्वांत कमी, त्याच दिवसांत फी, खोलीचे डिपॉझिट आणि मेसचा आगाऊ पैसा मागितला जातो.

सरकारी योजना आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, स्वाधार आणि स्वयम् आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. तरी चोपडा किंवा शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलीचे पहिले तीन महिने कसे जातात ते पाहा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायचा, जातवैधतेचा निकाल यायचा, बँक खाते आधारला जोडायचे, महाडीबीटीवर अर्ज भरायचा, तो कॉलेजने तपासायचा. हप्ता जमा होईपर्यंत बराच काळ लोटतो. बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट होता. कॉलेजात गेल्यावर, सवलतीचा असला तरी, तो विकत घ्यावा लागतो. मेसवाला थांबत नाही, खोलीमालकही थांबत नाही. मुलगी घरी परत येते आणि दिवाळीनंतर तिचे लग्न ठरते. तिची शिष्यवृत्ती मंजूर झालेली असते. ती वेळेवर पोहोचलेली नसते, एवढेच.

गावच्या निधीचे खरे काम इथे आहे. सरकारइतका पैसा गावाकडे कधीच नसतो. मुख्याध्यापकाला, वर्गशिक्षकाला, शेजाऱ्याला त्या मुलीचे घर माहीत असते, ही गावाची ताकद. दाखल्यांची वाट न पाहता चार माणसे बसून जूनच्या पहिल्या आठवड्यात १०,००० रुपये देऊ शकतात. त्यातला काही भाग बिनव्याजी उसना देता येतो. हप्ता आला की मुलगी तो परत करते आणि पुढच्या वर्षी दुसरीला मिळतो. ही कल्पना नवी नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी स्थापन केला, त्यातून कर्जाऊ शिष्यवृत्ती दिली जाते आणि परतफेडीतून पुढच्यांना मदत होते. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतली किती मुले राहून शिकली. नोकरीला लागल्यावर तीच मुले देणगीदार झाली.

खुद्द जळगावात या वाटेने चालणाऱ्या संस्था आहेत. यजुर्वेंद्र महाजन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात अंध, अपंग आणि अनाथ मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय आणि स्पर्धा परीक्षेची तयारी होते, आणि हा खर्च समाजाच्या देणग्यांवर चालतो. डॉ. अविनाश आचार्य यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले केशवस्मृती प्रतिष्ठान अनेक सेवाकामे चालवते. उद्योजक भवरलाल जैन यांनी गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘अनुभूती’ या नावाने वेगळी शाळा काढली. प्रत्येकाची पद्धत वेगळी, पण रोजचा खर्च कोण उचलणार, हे तिघांनीही आधी ठरवले.

याउलट जून-जुलैमध्ये होणारे गुणवंतांचे गौरव सोहळे पाहून माझ्या पोटात तुटते. लेवा, मराठा, गुजर, वाणी, माळी, कोळी, शिंपी, तेली, सगळ्या समाजांचे सोहळे होतात. त्यामागची भावना खरी आहे. आपल्या पोरांचे कौतुक आपण नाही करायचे तर कोणी करायचे? पण मंडप, स्मृतिचिन्हे, शाली, हारतुरे आणि जेवण यांवर जो खर्च होतो, त्याच्या निम्मा जरी त्याच समाजातल्या ५५ टक्के मिळालेल्या सालदाराच्या मुलाच्या आयटीआयच्या सामानावर झाला, तर त्या सोहळ्याचे सोने होईल. ९५ टक्केवाल्याला वाट सापडणारच आहे. ५५ टक्केवाला कडेला उभा आहे आणि त्याला कुणी मंचावर बोलावलेले नाही.

म्हणून वाचकाला माझी विनंती आहे. आखाजीला आपण पितरांची घागर भरतो. त्या आठवड्यात आपल्या जुन्या शाळेत जा आणि ठेवींचे रजिस्टर मागून घ्या. आपल्या घरातल्या कुणाच्या नावाची ठेव आहे का पाहा, तिचे व्याज गेल्या वर्षी कुणाला आणि किती गेले ते विचारा, पावती कोणत्या बँकेची आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मूळ रकमेत जमेल तेवढी भर घाला आणि पुढेही दरवर्षी घालत राहा. न्यासाला उत्पन्नातले साधारण १५ टक्केच बाजूला ठेवण्याची मोकळीक असते, त्यामुळे नुसत्या व्याजातून मुद्दल महागाईला पुरे पडेल इतके वाढत नाही. मग मुख्याध्यापकांना एक पत्र द्या: आमच्या ठेवीचे व्याज इतर ठेवींबरोबर एकत्र करावे, पहिल्या नंबराची अट आम्ही काढून घेत आहोत, आणि ही रक्कम स्नेहसंमेलनापर्यंत न ठेवता १५ जूनच्या आत गरजू विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. पत्रावर घरातल्या दोघा-तिघांच्या सह्या घ्या आणि त्याची पोच मागायला विसरू नका.